संकलनाचा पहिला धडा : कापणे, जोडणे आणि अर्थ

चित्रपटाच्या श्रेयनामावलीतील 'संकलन' हा शब्द मराठी प्रेक्षक अनेक दशके वाचत आला आहे. मात्र त्या शब्दापाशी तो फारसा थांबत नाही. साहित्यव्यवहारात आपण 'संपादन' म्हणतो, चित्रपटात 'संकलन'. इंग्रजीत या दोन्ही कामांना एकच शब्द आहे. हॉलिवूडच्या आरंभीच्या काळात हे काम करणाऱ्याला 'कटर', म्हणजे कापणारा, असे म्हणत. जर्मन भाषेतील 'श्निट' हा शब्दही कापण्याचाच. याउलट फ्रेंचांनी आणि रशियनांनी स्वीकारलेला 'मोंताज' हा शब्द यंत्रशाळेतून आला आहे. सुटे भाग जुळवून यंत्र उभे करणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठीतील 'संकलन' हा शब्दही एकत्र करण्याच्या, जोडण्याच्या बाजूचा आहे. काम एकच, पण काही भाषांना त्यात कात्री दिसली आणि काहींना जोड. नवशिक्या विद्यार्थ्याला पहिला धडा कापण्याचा द्यायचा की जोडण्याचा, हा प्रश्न या शब्दभेदातच दडलेला आहे.

हा प्रश्न आता केवळ चित्रपटसंस्थांपुरता उरलेला नाही. भाषा विभागांतून माध्यमलेखनाच्या अभ्यासपत्रिका आल्या, विद्यार्थ्यांच्या हाती मोबाइल आला आणि 'सिनेमॅटिक व्हिडिओ कसा बनवावा' हे शिकवणारे असंख्य धडे त्याच मोबाइलवर उपलब्ध झाले. यांपैकी बरेच धडे आम्ही पाहिले आहेत. चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या द्याव्यात, रंग निळसर-नारिंगी करावेत, गती मंद करावी, दोन दृश्यांमध्ये चमकदार संक्रमण टाकावे, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. त्यांत शिकवलेले चूक असते असे नाही. परंतु त्यांत 'सिनेमॅटिक' हा शब्द चित्राच्या पोताला लावलेला असतो, दोन चित्रांमधील संबंधाला नव्हे. आमच्या मते संकलनाचा पहिला धडा हा संबंधाचा धडा असला पाहिजे. आणि त्या संबंधातून जसे सत्य निर्माण होते तसेच असत्यही निर्माण होते, हे त्याच धड्यात सांगितले गेले पाहिजे. हे मत काही नवे नाही. गेल्या शतकभरात संकलन कोणी, कुठे आणि कशाच्या टंचाईत शिकवले, याचा इतिहास पाहिला की ते आपोआप पुढे येते.

आपल्याकडील पहिला विद्यार्थी आणि पहिला शिक्षक एकच : दादासाहेब फाळके. १९१२ साली ते लंडनला जाऊन आले, सेसिल हेपवर्थ यांच्यासारख्या निर्मात्याचे काम त्यांनी जवळून पाहिले आणि येताना विल्यमसन कॅमेरा आणला. फितीच्या कडेला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे घरातच होत. सरस्वतीबाई ती शिकल्या आणि करीत होत्या. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी रोप उगवतानाची लहानशी चित्रफीत केली. प्रत्यक्षात अनेक दिवस चाललेली वाढ पडद्यावर क्षणभरात दिसली. दोन चित्रांच्या मधला काळ गाळून टाकला की पाहणाऱ्याचे मन तो भरून काढते, हे संकलनाचे मूलतत्त्व त्यात आलेच आहे. पुढे 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) झाला. १९१७ साली त्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक छोटा चित्रपटच काढला. त्याचे काही अंश आज उपलब्ध आहेत. त्यांत फाळके नटांना सूचना देताना, फितीवर काम करताना दिसतात. त्याच सुमारास 'नवयुग' मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली. म्हणजे नवशिक्यांना चित्रपटाची कृती समजावून सांगण्याची परंपरा आपल्याकडे चित्रपटाइतकीच जुनी आहे, आणि ती मराठी गद्यातही आहे. तिची शाळा मात्र झाली नाही. घरातल्या घरात शिकलेली विद्या घरातच राहिली.

शाळा झाली ती मॉस्कोत. १९१९ साली तेथे सरकारी चित्रपटशाळा स्थापन झाली; अशा प्रकारची ती जगातील पहिली संस्था. लेव्ह कुलेशोव्ह हा जेमतेम विशीतला तरुण तेथे शिकवू लागला. यादवी युद्ध चालू होते, परदेशी माल येत नव्हता आणि कच्ची फिल्म जवळजवळ मिळत नव्हती. कुलेशोव्हच्या कार्यशाळेने यावर काढलेला उपाय मोठा विलक्षण आहे. विद्यार्थी रंगमंचावर छोटी छोटी दृश्ये करीत, प्रत्येक दृश्य म्हणजे एक शॉट असे मानून. या प्रकाराला 'फिल्मविना फिल्म' असे नाव पडले. कॅमेऱ्यात फीत नाही, पण शॉट कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि पुढच्याशी कसा जुळतो, याचा विचार मात्र पुरा. जी थोडी फीत हाती येई ती जुन्या चित्रपटांची असे. नवे चित्रित करता येत नाही, तेव्हा जे आहे तेच वेगळ्या क्रमाने लावून पाहणे हाच अभ्यास झाला. संकलनाचे शास्त्र जन्माला आले ते अशा दारिद्र्यातून.

या कार्यशाळेतील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग साहित्याच्या अभ्यासकांनाही ठाऊक असतो. इव्हान मोझ्झुखिन या नटाचा भावहीन चेहऱ्याचा एक शॉट घेतला आणि त्याच्या जोडीला तीन वेगवेगळे शॉट लावले : सुपाची थाळी, शवपेटीतील स्त्री आणि खेळणाऱ्या मुलीचे दृश्य. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक, कधी शोक, कधी वात्सल्य दिसले. अर्थ शॉटमध्ये नसतो, दोन शॉटांच्या मध्ये असतो, हे सूत्र यातून निघाले. कुलेशोव्हचा शिष्य पुडोव्हकिन याने हे वर्णन लिहून ठेवले. त्याच्या पुस्तिका १९२६ मध्ये रशियन भाषेत आल्या आणि आयव्हर मॉन्टेग्यू यांच्या इंग्रजी अनुवादामुळे १९२९ नंतर जगभर पोहोचल्या.

मात्र तो प्रयोग आज कोणालाही पाहता येत नाही. मूळ फीत उरलेली नाही. खुद्द कुलेशोव्हने पुढे सांगितलेल्या आठवणी आणि पुडोव्हकिनचे वर्णन तपशिलात जुळत नाहीत. मोझ्झुखिनच्या चेहऱ्याच्या ज्या चित्रमालिका आज 'कुलेशोव्हचा प्रयोग' म्हणून वर्गात दाखवल्या जातात, त्या नंतर कोणी ना कोणी केलेल्या पुनर्रचना आहेत. म्हणजे संकलनाच्या अध्यापनातील हा आद्य दृष्टान्त आपल्यापर्यंत आला तो कथेच्या रूपात. निवडून, गाळून, क्रम लावून. मौखिक परंपरेत पाठभेद कसे होतात हे जाणणाऱ्या आपल्या क्षेत्राला याचे नवल वाटू नये. प्रयोग बनावट होता असा याचा अर्थ नव्हे. पण विद्यार्थ्याला हा दृष्टान्त सांगताना त्याची संहिता अनिश्चित आहे हेही सांगावे. तो संकलनाविषयीच्याच विवेकाचा भाग आहे.

कुलेशोव्हचा दुसरा प्रयोग कमी सांगितला जातो, पण आमच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. मॉस्कोच्या निरनिराळ्या भागांत चित्रित केलेले स्त्री-पुरुष एकमेकांना भेटतात, हस्तांदोलन करतात, एका दिशेला पाहतात. पुढचा शॉट वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसचा, एका अमेरिकन चित्रपटातून कापून घेतलेला. प्रेक्षकाला वाटते की हे सारे एकाच शहरात घडत आहे. याला 'सर्जक भूगोल' म्हटले गेले. याच रीतीने वेगवेगळ्या स्त्रियांचे डोळे, ओठ, हात, पाय यांचे शॉट जोडून जगात कुठेही नसलेली एक स्त्री पडद्यावर उभी करण्यात आली. कुलेशोव्हला यात नव्या कलेचे सामर्थ्य दिसले, आणि ते होतेच. परंतु जो भूगोल नाही तो दाखवता येतो, जी भेट झाली नाही ती झाल्यासारखी भासवता येते, हे सामर्थ्य कलावंताच्या हाती आहे तसेच प्रचारकाच्याही हाती आहे.

ते प्रत्यक्षात वापरले जात होतेच. सोव्हिएत काळाच्या आरंभी परदेशी चित्रपट दाखवण्यापूर्वी त्यांचे फेरसंकलन करण्याचे रीतसर खाते होते. एस्फिर शूब तेथे काम करीत असे. शॉटांचा क्रम बदलायचा, मधल्या पाट्या नव्याने लिहायच्या, आणि मूळ कथानक नव्या राजवटीला रुचेल असे करायचे, हे तिचे रोजचे काम. १९२४ साली फ्रिट्झ लांगच्या 'डॉ. माबूझे'चे असे रूपांतर चालू असताना सर्गेई आयझेनस्टाइन तिच्यासोबत बसला होता. संकलन तो प्रत्यक्ष टेबलावर शिकला तो तेथे. पुढे शूबने झारच्या कुटुंबाच्या खासगी चित्रफिती आणि जुन्या वार्तापटांचे तुकडे जमवून 'रोमानोव्ह घराण्याचा अस्त' (१९२७) हा चित्रपट केला. सम्राटाच्या कौतुकासाठी काढलेली दृश्ये क्रम बदलताच सम्राटावरील आरोपपत्र झाली. हा चित्रपट कलाकृती म्हणून श्रेष्ठ आहे आणि राजकीय कृती म्हणून पक्षपाती आहे. दोन्ही गोष्टी एकाच कात्रीने केल्या आहेत.

संकलन दाखवून शिकवण्याचा सर्वांत सुंदर नमुनाही याच काळातील आहे. झिगा व्हेर्तोव्हच्या 'मूव्ही कॅमेरा घेतलेला माणूस' (१९२९) या चित्रपटात धावती दृश्ये अचानक स्थिर होतात, मग त्याच स्थिर चौकटी फितीच्या पट्टीवर दिसतात, आणि मग संकलनाच्या टेबलावर बसलेली एलिझावेता स्विलोव्हा त्या पट्ट्या तपासताना, वर्गवारी करताना, जोडताना दिसते. क्षणात ती स्थिर मुले पुन्हा हसू लागतात. स्विलोव्हा ही या चित्रपटाची संकलक आणि व्हेर्तोव्हची पत्नी. चित्रपट स्वतःचीच शिवण उसवून दाखवतो आणि तरीही त्याची मोहिनी कमी होत नाही. फाळक्यांचा १९१७ चा छोटा चित्रपट आणि हा चित्रपट यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण पाहणाऱ्यापासून कृती लपवायची नाही ही वृत्ती दोहोंत समान आहे. नवशिक्यांसाठी धडा करणाऱ्याने हीच वृत्ती उचलावी.

साहित्याच्या अध्यापकांना सर्वांत जवळचा वाटेल तो आयझेनस्टाइनचा वर्ग. १९३० च्या दशकात तो मॉस्कोच्या चित्रपटसंस्थेत शिकवत होता. त्याचा विद्यार्थी व्लादिमिर निझनी याने त्या तासिकांची टिपणे पुस्तकरूपाने मांडली आहेत. वर्गात यंत्र नाही, फीत नाही. फळा, खडू आणि कादंबरी. बाल्झाकच्या 'फादर गोरिओ'मधील एक प्रसंग घ्यायचा आणि पात्रे खोलीत कुठे बसतील, कोण कोणाकडे केव्हा पाहील हे ठरवायचे. दस्तयेव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'मधील म्हातारीच्या खुनाचा प्रसंग घेऊन चौकटीच्या आत दृश्य कसे बांधायचे याचा कीस काढायचा. विद्यार्थी उत्तर देतो, आयझेनस्टाइन 'का?' विचारतो, आणि उत्तर पुन्हा कादंबरीच्या वाक्यात शोधावे लागते. १९४४ च्या एका दीर्घ निबंधात त्याने ग्रिफिथच्या समांतर संकलनाचे मूळ डिकन्सच्या कथनपद्धतीत दाखवले. ग्रिफिथनेही आपल्या बचावासाठी डिकन्सचेच नाव घेतले होते. एकीकडे घडणारी घटना अर्ध्यावर सोडून दुसरीकडे जाणे, पुन्हा परत येणे, तपशिलावर नजर रोखणे हे सारे कादंबरीने आधीच करून ठेवले होते. तेव्हा संकलन शिकवायला आपण अपात्र आहोत अशी भीती भाषाशिक्षकाने बाळगण्याचे कारण नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर धड्याचे रूप बदलले. घोषणापत्राची जागा पाठ्यपुस्तकाने घेतली. ब्रिटिश फिल्म अकादमीने जाणत्या संकलकांचा आणि दिग्दर्शकांचा अनुभव एकत्र करण्याचे ठरवले आणि लेखनाचे काम कारेल राइझ यांना दिले. 'द टेक्निक ऑफ फिल्म एडिटिंग' हे पुस्तक १९५३ मध्ये आले. राइझ यांचा पहिला कथापट त्यानंतर सात वर्षांनी, १९६० मध्ये आला. म्हणजे जगभर वापरले गेलेले हे पुस्तक लिहिणारा माणूस तेव्हा अनुभवी चित्रकर्मी नव्हता, चांगला वाचक होता. त्याची पद्धत वाचकाचीच आहे. चित्रपटातील एक प्रसंग घ्यायचा, त्याचे शॉट क्रमाने मांडायचे, प्रत्येकाची लांबी फूट आणि फ्रेममध्ये नोंदवायची, आणि मग जोड येथेच का, हा प्रश्न विचारायचा. कवितेचे ओळीओळीने वाचन करणाऱ्याला ही रीत अपरिचित नाही.

आपल्याकडे ही रीत पुण्यात रुजली. प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि पुढील वर्षी अभ्यासक्रम सुरू झाले. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच आले. सतीश बहादूर यांनी 'पथेर पांचाली'सारख्या चित्रपटांचे शॉटवार विश्लेषण वर्गात आणले, पी. के. नायर यांच्या संग्रहामुळे चित्रपट थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहणे शक्य झाले. संकलन विभागातून बाहेर पडलेल्यांत अरुणाराजे पाटील आणि रेणू सलुजा ही नावे आहेत. 'जाने भी दो यारों', 'अर्धसत्य' (दोन्ही १९८३) आणि 'परिंदा' (१९८९) या तीन भिन्न प्रकृतीच्या चित्रपटांचे संकलन रेणू सलुजा यांचे आहे. विनोदाची गती, कोंडलेल्या संतापाची गती आणि हिंसेची गती वेगळी असते, हे शिकवायला हे तीन चित्रपट पुरेसे आहेत.

त्या काळच्या कामाची शारीरिक बाजू आजच्या विद्यार्थ्याला सांगणे अगत्याचे आहे. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने मिनिटाला ९० फूट फीत जाते. हजार फुटांचे रीळ जेमतेम अकरा मिनिटे चालते. १९२४ पासून मिळू लागलेल्या मूव्हिओलावर किंवा नंतरच्या स्टीनबेकच्या सपाट टेबलावर फीत पुढे-मागे करीत पाहायची, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, कापायचे आणि उरलेले तुकडे खिळ्यांवर टांगून ठेवायचे. सिमेंटचा जोड देताना फितीचे टोक खरवडावे लागे आणि त्यात फ्रेम वाया जाई. जोड उसवून पुन्हा दिला की आणखी एक गेली. पारदर्शक पट्टीचा जोड आल्यावर हे नुकसान टळले, तरी वेळ लागतच होता. रश प्रिंटवर सगळे ठरल्यानंतरच निगेटिव्हला कात्री लागे, आणि ती परत घेता येत नसे. या अडचणींनी एक शिस्त लावली : कापण्याआधी पाहायचे, आणि पाहताना ठरवायचे.

१९८९ मध्ये 'ॲव्हिड' ही संगणकीय प्रणाली आली आणि दशकभरात चित्र पालटले. वॉल्टर मर्च यांना 'द इंग्लिश पेशंट' (१९९६) साठी मिळालेले संकलनाचे ऑस्कर हे संगणकावर संकलित चित्रपटाला मिळालेले पहिले. याच मर्च यांनी १९९५ च्या आपल्या छोट्या पुस्तकात चांगल्या जोडाच्या सहा कसोट्या देऊन त्यांना गुण वाटले : भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०, नजरेचा प्रवास, पडद्याचा सपाट अवकाश आणि दृश्यातील प्रत्यक्ष अवकाश यांना मिळून उरलेले १६. आकडे अर्थातच शब्दशः घ्यायचे नाहीत. पण नव्या यंत्रावर काम करणाऱ्या अग्रणी संकलकाने यंत्राला एकही गुण दिलेला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे सॉफ्टवेअर स्वस्त झाले, मग फुकट झाले, मग खिशात आले. जोड उसवायला आता काहीच मोल पडत नाही. जे मोल टंचाईमुळे आपोआप कळत होते, ते आता शिक्षकाला शिकवावे लागते.

तर मग नवशिक्यांचा धडा कसा असावा? वरील इतिहासावरून आम्ही त्याची चार पायऱ्यांची मांडणी सुचवतो. यासाठी साधा मोबाइल आणि कोणतेही फुकटचे ॲप पुरते.

पहिली पायरी टंचाईची. प्रत्येक गटाने केवळ चार शॉट घ्यावेत, प्रत्येकी सुमारे पाच सेकंदांचे. आवाज नाही, संगीत नाही, रंगसंस्कार नाहीत. उदाहरणार्थ : एस.टी. स्थानकावर बसलेली म्हातारी, भिंतीवरचे घड्याळ, आत येणारी गाडी, रिकामा बाक.

दुसरी पायरी क्रमाची. म्हातारी, घड्याळ, गाडी, बाक असा क्रम लावला तर ती गेली. बाक, म्हातारी, घड्याळ, गाडी असा लावला तर ती आली, थांबली, आणि पुढचे ठाऊक नाही. बाक, घड्याळ, गाडी, म्हातारी असा लावला तर तिची गाडी चुकलेली नाही. ज्याची ती वाट पाहत होती तो गाडीतून उतरलेला नाही. शॉट तेच, म्हातारीचा चेहराही तोच. पहिल्या क्रमात जे प्रस्थान होते ते तिसऱ्यात प्रतीक्षेचे वैफल्य झाले. विद्यार्थ्याने तिन्ही क्रम वर्गाला दाखवावेत आणि काय कळले हे वर्गाने लिहावे. करणाऱ्याने आधी समजावून सांगू नये.

तिसरी पायरी गाळण्याची. चारांपैकी एक शॉट काढून टाकावा आणि दुसऱ्या एकाची लांबी निम्मी करावी. घड्याळ काढल्यावर प्रतीक्षा उरते की नाही? रिकामा बाक दोन सेकंद पाहणे आणि पाच सेकंद पाहणे यांत फरक कोणता? येथे लयीचा विषय येतो आणि विरामचिन्हांचाही. प्रत्येक निर्णयाचे कारण अर्ध्या पानात मराठीत लिहून द्यावे. 'छान वाटले' हे कारण स्वीकारू नये.

चौथी पायरी असत्याची, आणि ती ऐच्छिक ठेवू नये. महाविद्यालयाच्या एखाद्या कार्यक्रमाचे, सर्वांच्या संमतीने घेतलेले काही शॉट द्यावेत : बोलणारा वक्ता, टाळ्या वाजवणारे श्रोते, जांभई देणारा श्रोता. एका गटाने भाषण गाजल्याचे दाखवावे, दुसऱ्याने पडल्याचे. जांभई भाषणाच्या आधीची असली तरी जोड दिल्यावर ती भाषणाचीच होते, आणि एकही फ्रेम खोटी नसते. आपण रोज पाहतो त्या चित्रफितींकडे विद्यार्थी त्यानंतर निराळ्या नजरेने पाहू लागतात. पुढे-मागे काय होते, मधले काय गाळले, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लागते.

काळ्या पट्ट्या, मंद गती, रंग हे सारे पाचव्या तासाला शिकवता येईल; त्यात तुच्छ असे काही नाही. परंतु मॉस्कोतील रिकाम्या कॅमेऱ्यासमोरचे विद्यार्थी, टेबलावर फिती लावणाऱ्या शूब आणि स्विलोव्हा, खडूने कादंबरी चित्रित करणारा आयझेनस्टाइन आणि पुण्यात शॉट मोजत बसलेला वर्ग या सर्वांनी आधी शिकले ते दोन चित्रांच्या मधल्या जागेविषयी. कवितेच्या दोन ओळींमधले मौन वाचायला आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. हा धडा त्याच शिक्षणाचा भाग आहे आणि तो भाषेच्या वर्गात शिकवण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.